रतामाच्या झुडपाखाली झोपलेला सेवक : सेमिनरीने काय शिकवायला हवं?

आजचे वाचन : १ राजे १९:१-२१, २ राजे ४:१-७, २ राजे ६:१-७



आजचं मनन नेहमीपेक्षा थोडं लांब आहे. सकाळच्या गडबडीत जमलं नाही तर रात्री निवांत वाचा, पण बायबल उघडं ठेवून वाचा.

आमच्या तरुण संघातला एक भाऊ येत्या जूनमध्ये पुण्याला सेमिनरीत चालला आहे. वय तेवीस, डिप्लोमा झालेला, शिरोलीच्या एमआयडीसीत नोकरी होती, ती सोडली. गेल्या रविवारी उपासनेनंतर आम्ही दोघं कळंबा तलावाच्या बांधावर बसलो होतो. मला वाटलं, हा आता अभ्यासक्रमाबद्दल, ग्रीक-हिब्रूबद्दल विचारेल. त्याने विचारलं भलतंच.

"दादा, मी लहान असल्यापासून तीन पाळकसाहेब बघितले. तिघेही चांगले. पण एक आजारी पडून गेले, एक सेवा सोडून विमा विकायला लागले आणि एक आहेत, पण आता हसत नाहीत. माझं काय होईल?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. खरं सांगू, उत्तर नव्हतंच. "प्रभू सांभाळेल" एवढं म्हणणं सोपं होतं, आणि ते खोटंही नाही. पण प्रभू सांभाळतो तो कसा, कोणाच्या हातांनी, हे सांगता यायला हवं ना? म्हणून आठवडाभर एलीयाबरोबर बसलो. त्यातून जे मिळालं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

१. देवाने आधी भाकर दिली

१ राजे १८ मध्ये एलीया कर्मेल डोंगरावर उभा आहे. स्वर्गातून अग्नी उतरतो, लोक पालथे पडतात, तीन वर्षांनी पाऊस येतो. कोणत्याही सेवकाला याहून मोठा दिवस कुठला असणार? आणि पुढच्याच अध्यायात हाच माणूस ईजबेलच्या एका निरोपाने जीव घेऊन पळतो. बैर-शेबाला आपला गडी सोडतो, एकटाच अरण्यात जातो, रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो.

इथे देवाने काय केलं ते नीट बघा. आपण असतो तर काय केलं असतं? "एवढा मोठा संदेष्टा आणि एवढा अल्पविश्वास?" असं म्हटलं असतं. उपासप्रार्थना ठेवायला सांगितली असती. देव मात्र त्याला झोपू देतो. देवदूत येऊन शिवतो आणि खायला सांगतो. निखाऱ्यावर भाजलेली भाकर, उशाशी पाण्याचा चंबू. एलीया खातो आणि परत झोपतो. तरी देवदूत रागावत नाही. दुसऱ्यांदा येतो, पुन्हा खायला देतो आणि कारणही सांगतो : वाट मोठी आहे, तुला झेपायची नाही (वचन ७).

म्हणजे सेवकाची शक्ती संपते हे देवाला माहीत आहे. त्यात त्याला लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही.

त्यानंतर होरेब. देव त्याला एकच प्रश्न दोनदा विचारतो आणि एलीया दोन्ही वेळा तेच गाऱ्हाणं सांगतो : मी एकटाच उरलो आहे. देव त्याचं पूर्ण ऐकून घेतो. मग काम देतो, आणि त्या कामातच सोबतीही देतो : शाफाटाचा मुलगा अलीशा. वर सांगतो की सात हजार अजून आहेत. एलीया एकटा नव्हता, त्याला तसं वाटत होतं. दमलेल्या माणसाला असंच वाटतं.

झोप, अन्न, ऐकून घेणारा कोणीतरी, झेपेल असं काम आणि सोबती. देवाने आपल्या सेवकाला पुन्हा उभं केलं ते या क्रमाने. क्रम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

२. बायबलमधली सेमिनरी

तुम्ही म्हणाल, बायबलमध्ये सेमिनरी कुठे आली? २ राजे वाचा. बेथेल, यरीहो, गिलगाल इथे "संदेष्ट्यांचे शिष्य" राहत होते. आजच्या सेमिनरीच्या सगळ्यात जवळचं काही असेल तर हेच. आणि गंमत अशी, की तिथे काय शिकवत होते हे बायबल फारसं सांगत नाही. सांगतं ते त्यांच्या अडचणी!

पहिली अडचण : कर्ज. २ राजे ४ मध्ये यातल्याच एका शिष्याची विधवा अलीशाकडे रडत येते. नवरा देवाचं भय बाळगणारा होता. वारला, मागे कर्ज ठेवून. सावकार दोन्ही मुलांना दास करून न्यायला आला आहे. थांबून विचार करा. या भावाच्या भक्तीत काही खोट नव्हती, पण त्याच्या संसाराचा हिशेब कोणी बघितला नव्हता.

दुसरी अडचण : जेवण. त्याच अध्यायाच्या शेवटी दुष्काळ आहे. कोणीतरी न ओळखता रानातलं कडू फळ आणतो, चिरून हंड्यात टाकतो आणि सगळ्यांच्या जिवावर बेततं. अलीशा पीठ टाकून हंडा निवळतो. गुरू शिकवत होता आणि चुलीकडेही त्याचं लक्ष होतं.

तिसरी अडचण : जागा अपुरी. सहाव्या अध्यायात शिष्य यार्देनेकाठी लाकडं तोडायला निघतात. एक जण अलीशाला म्हणतो, तुम्हीही चला. तो लगेच निघतो. तिथे एकाच्या कुऱ्हाडीचं पातं पाण्यात पडतं आणि तो ओरडतो, कारण कुऱ्हाड मागून आणलेली होती! गरीब विद्यार्थी, उसनं हत्यार आणि ते हरवल्याची भीती. गुरू सोबत होता म्हणून ते सापडलं.

पैसा, पोट आणि सोबत. या तीनही गोष्टी त्या "सेमिनरी"च्या आत होत्या. गुरूने त्यांना 'अध्यात्माबाहेरचा विषय' मानलं नाही.

३. आपल्या महाराष्ट्रात काय घडलं

आपल्या भागात सुवार्ता आली ती पुष्कळ कष्टांतून. अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. पुढे पाळक तयार करायला मराठी मुलखात संस्था उभ्या राहिल्या. अहमदनगरला रॉबर्ट ह्यूम यांनी १८७८ मध्ये ईश्वरविज्ञानाची शाळा सुरू केली. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ मध्ये यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्याला, बिबवेवाडीत आली. कॅथलिक बंधूंची पेपल सेमिनरी तर आधी श्रीलंकेत कँडीला होती. १८९३ ला स्थापन झाली आणि १९५५ मध्ये पुण्यात आली. म्हणजे आमचा हा भाऊ ज्या शहरात चालला आहे, तिथे पाळक घडवण्याचा मोठा वारसा आहे.

नगरच्या शाळेत शिकवणाऱ्यांत एक नाव आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे : रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ मध्ये बाप्तिस्मा, १९०४ मध्ये पाळकपदाची दीक्षा. आपण त्यांची गीतं गातो. पण त्यांच्या घरची बाजू वाचायची तर लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' वाचा. टिळकांचा हात सढळ. दारी आलेला कोणी रिकामा जात नसे, आणि घरात पैसा टिकत नसे. ते सगळं निभावताना लक्ष्मीबाईंची काय ओढाताण झाली, हे त्यांनी हसत हसत लिहून ठेवलं आहे. आपण हसतो, पण जरा थांबलं की कळतं : एका माणसाच्या पाचारणाचं ओझं सगळं घर उचलत होतं. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, 'देवाचा दरबार' सुरू केला आणि १९१९ मध्ये ते प्रभूकडे गेले. मोठा भक्त होता. म्हणूनच प्रश्न पडतो : अशा भक्ताच्या घराला आधार द्यायचं काम कोणाचं?

हा प्रश्न फक्त आपलाच नाही. अमेरिकेत बार्ना या संस्थेने मार्च २०२२ मध्ये प्रोटेस्टंट पाळकांना विचारलं, तेव्हा ४२ टक्के जण म्हणाले की गेल्या वर्षभरात पूर्णवेळ सेवा सोडण्याचा गंभीर विचार मनात येऊन गेला. कारणांमध्ये कामाचा ताण होता आणि एकटेपणाही होता. "मी एकटाच उरलो आहे", हे एलीयाचंच वाक्य नाही का?

४. सेमिनरीने काय करावं?

मी काही प्राध्यापक नाही. मंडळीत मागच्या बाकावर बसणारा माणूस आहे. पण एलीया आणि अलीशा वाचून पाच गोष्टी मनात आल्या.

पहिली : विश्रांती वेळापत्रकात घाला. शब्बाथावर निबंध लिहून घेणं वेगळं आणि शब्बाथ पाळायला शिकवणं वेगळं. आठवडाभर वर्ग, शनिवारी रस्त्यावर सुवार्ता, रविवारी दोन मंडळ्यांत सेवा, रात्री असाइनमेंट, असं तीन-चार वर्षं चाललं तर विद्यार्थी नकळत काय शिकतो? "चांगला सेवक कधी थांबत नाही." मग मंडळीत येऊन तो तेच करतो. मार्क ६:३१ मध्ये प्रभू येशू स्वतः शिष्यांना एकांतात येऊन विसावा घ्यायला सांगतो, आणि तेही लोकांची रीघ लागलेली असताना.

दुसरी : पैशाबद्दल उघड बोला. घरखर्चाचं अंदाजपत्रक, आरोग्यविमा, म्हातारपणाची सोय, मुलांची फी, कर्ज कधी घ्यावं आणि कधी नाही, हे सगळं वर्गात शिकवता येतं. लहान मंडळीत पूर्ण पगार मिळणार नसेल तर हाताला एखादा धंदा असावा. पौलाने तंबू शिवले (प्रेषितांची कृत्ये १८:३), त्यात त्याला कमीपणा वाटला नाही. आणि विद्यार्थी विवाहित असेल तर पैशाच्या या वर्गात त्याच्या बायकोलाही बसवा. ती विधवा अलीशाकडे आली तोवर फार उशीर झाला होता.

तिसरी : माणूस म्हणून घडवा. इथे कॅथलिक बंधूंकडून आपण काही घेऊ शकतो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ मध्ये याजक घडवण्याविषयी एक पत्र काढलं. त्यात घडणीची चार अंगं सांगितली : मानवी, आध्यात्मिक, बौद्धिक आणि पाळकीय. आणि मानवी अंग हा बाकी सगळ्यांचा पाया मानला. म्हणजे राग आला तर काय करतोस? टीका झाली की आठवडाभर अबोला धरतोस का? कोणाजवळ मन मोकळं करतोस? हे प्रश्न परीक्षेत येत नाहीत, पण मंडळीत पहिल्याच वर्षी येतात. सेमिनरीत विश्वासू समुपदेशक असावा, आणि त्याच्याकडे जाणाऱ्या विद्यार्थ्याकडे कोणी "याचा विश्वास डळमळला" म्हणून बघू नये.

चौथी : भांडण मिटवायला आणि 'नाही' म्हणायला शिकवा. पाळकाला उपदेश करताना घाम फुटत नाही, पंच कमिटीच्या मीटिंगमध्ये फुटतो. जागेचा वाद, हिशेबाचा वाद, दोन घराण्यांचा वाद. निर्गम १८ मध्ये मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्याय करत बसला होता. सासऱ्याने, इथ्रोने, स्पष्ट सांगितलं की अशाने तूही झिजशील आणि लोकही. कामं वाटून कशी द्यायची, हा उपदेशाइतकाच महत्त्वाचा विषय आहे.

पाचवी : पदवीनंतर हात सोडू नका. अलीशाने एलीयाच्या हातांवर पाणी घातलं, अशी त्याची ओळख २ राजे ३:११ मध्ये करून दिली आहे. तो सोबत राहून, बघून शिकला. आज पदवीदान झालं की मुलगा थेट अनोळखी गावात, अनोळखी मंडळीत. पहिली तीन वर्षं तरी एखादा अनुभवी पाळक त्याला महिन्यातून एकदा भेटला आणि वर्षातून एकदा त्याच वर्गातले सगळे दोन दिवस एकत्र आले, तर कितीतरी जण टिकतील. याला फार खर्च येत नाही. कोणीतरी तारीख ठरवायला हवी, एवढंच.

५. "पाचारण खरं असेल तर थकवा येतो कशाला?"

हे मी स्वतः ऐकलं आहे, आणि बोलणारे मनाने वाईट नव्हते. त्यांनी जुन्या सेवकांना पायी गावोगाव फिरताना बघितलं होतं. त्यांना वाटतं, आजची मुलं नाजूक झाली. विश्रांती, समुपदेशन ही शहरी थेरं.

त्यांना मी दोन जागा दाखवेन. २ करिंथ १:८ मध्ये पौल लिहितो की आशियात एवढं ओझं आलं की जगण्याचीही आशा उरली नाही. त्याचं पाचारण खोटं होतं का? दुसरी जागा फिलिप्पै २:२५-३०. एपफ्रदीत सेवा करताना मरायला टेकला होता. पौल त्याला घरी पाठवतो आणि मंडळीला सांगतो की त्याचा मान ठेवा. परत आलेल्या सेवकाचा मान! सेवा सोडून विमा विकणाऱ्या त्या पाळकसाहेबांचा आपण मान ठेवला का? की प्रार्थनेच्या नावाखाली त्यांची चर्चाच केली?

तरी त्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात एक खरं आहे. सेवेत वधस्तंभ आहेच. विश्रांती शिकवायची ती कष्ट टाळायला नाही. चाळीस दिवसांची वाट चालता यावी म्हणून. एलीया जेवला, झोपला, मग उठून होरेबपर्यंत चालला.

६. आणि आपण?

सगळं सेमिनरीवर ढकलून आपण मोकळे होऊ शकत नाही. त्या विधवेला अलीशाने काय सांगितलं? शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आण, थोडकी नको. चमत्कार देवाने केला, पण भांडी शेजाऱ्यांची होती. जेवढी भांडी आली, तेवढंच तेल भरलं. भांडी संपली, तेल थांबलं.

आपला कळंबा तलावच बघा ना. पावसाळ्यात भरून वाहतो आणि आपण फोटो टाकतो. उन्हाळ्यात पाणी खाली जातं, काठाचा गाळ उघडा पडतो. तेव्हा कोणी तलावाला दोष देत नाही. वरून येणारे ओढे मोकळे आहेत का, गाळ काढला का, हे विचारतात. पाळकाच्या बाबतीत मात्र आपण उलटं करतो. वर्षभर त्याच्यातून उपसा करतो आणि आटला की म्हणतो, "पूर्वीसारखा अभिषेक राहिला नाही."

तर या आठवड्यात करता येतील अशा छोट्या गोष्टी :

- पाळकसाहेबांचा सुटीचा वार कोणता ते विचारा. नसेल तर कमिटीला सांगून ठरवा, आणि त्या दिवशी मेसेज करू नका.
- रात्री अकराला "पास्टर, जागे आहात का?" असं लिहिण्याआधी विचार करा : खरंच तातडीचं आहे का? असेल तर बेशक फोन करा.
- पाळकबाईंना त्यांच्या नावाने हाक मारा. त्या मंडळीच्या बिनपगारी नोकर नाहीत.
- तुमच्यातलं कोणी बँकेत, विम्यात किंवा हिशेबाच्या कामात असेल तर पाळकाच्या घराचा आरोग्यविमा करून द्यायला मदत करा. हीसुद्धा सेवाच.
- तुमच्या मंडळीतून कोणी सेमिनरीत गेलं असेल तर त्याला महिन्यातून एकदा फोन करा. "काय शिकलास?" हे नंतर विचारा. आधी "जेवलास का? झोप होते का?" विचारा. देवदूताने तेच केलं होतं.

आता त्या भावाच्या प्रश्नाकडे येतो. "माझं काय होईल?" काल संध्याकाळी त्याला परत भेटलो. म्हटलं, "भावा, तू दमशील. एलीया दमला, मोशे दमला, पौल दमला. तू वेगळा नाहीस. पण तू एकटाच दमणार नाहीस." आम्ही तरुण संघातल्या चौघांनी आपसांत ठरवलं आहे : दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी एकाने त्याला फोन करायचा, दिवाळीच्या सुटीत त्याला दोन दिवस कोणीही उपदेशाला बोलवायचं नाही, आणि तो पाळक झाल्यावरही हे चालूच ठेवायचं. तो हसला. मग म्हणाला, "लिहून द्या." लिहून दिलं.

मननासाठी

१. एलीयाच्या गोष्टीत देवाने उपदेशाआधी भाकर दिली. मी दमलेल्या माणसाला आधी काय देतो?

२. आपल्या पाळकाला शेवटचं कधी विचारलं, "तुम्ही कसे आहात?", आणि उत्तर ऐकायला थांबलो होतो का?

३. तुम्हाला स्वतःला पाचारण आहे असं वाटतं का? मग सेमिनरीचा फॉर्म भरण्याआधी लिहून काढा : माझी भाकर, माझी झोप, माझा सोबती, माझा हिशेब. यातलं काय आज नाही?

प्रार्थना

हे प्रभू, तू आमचा मोठा मेंढपाळ आहेस. जे तुझ्या कळपाची राखण करतात त्यांना आज रात्री शांत झोप दे. जे झुडपाखाली बसून मरण मागत आहेत, त्यांच्याकडे आपला दूत पाठव, आणि तो दूत आम्ही व्हायचं असेल तर आम्हाला उठव. आमच्या सेमिनरींतल्या शिक्षकांना अलीशासारखं सोबत चालायला शिकव. जे सेवेतून थकून परतले त्यांचा मान ठेवायला आम्हाला शिकव. येत्या जूनमध्ये निघणाऱ्या आमच्या भावाला आणि त्याच्यासारख्या सगळ्यांना लांबच्या वाटेची शिदोरी दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.

उद्याचे वाचन : निर्गम १८. इथ्रोचा सल्ला आपल्या ऑफिसलाही लागू पडतो का, ते बघू. प्रभू तुम्हाला आशीर्वादित करो!